खोड कुणाच्या खात्यात?

कुंभकोणम गावाला खात्यांचं आणि हिशेबांचं वळण जुनंच. कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांमधलं हे गाव देवळांसाठी, दर बारा वर्षांनी भरणाऱ्या महामहमच्या पर्वणीसाठी आणि पितळी टंबलरमधल्या डिग्री कॉफीसाठी सर्वांना ठाऊक असतं. पण आजची सिटी युनियन बँक १९०४ साली ‘कुंभकोणम बँक’ या नावानं इथेच सुरू झाली होती, हे सहसा कुणी सांगत नाही. या गावातल्या एका बँकेत छत्तीस वर्षं खातेवह्या सांभाळून निवृत्त झालेले एक मराठी गृहस्थ आणि त्यांची सून यांची ही हकिकत. गोष्ट तशी साधी. घरातला कॉम्प्युटर बिघडला, एवढीच. पण तो चौघांपैकी दोघांनाच बिघडला, आणि तिथेच सगळं अडलं.

कुंभकोणमला मराठी माणूस कसा, असं कुणी विचारील. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावरला गादी स्थापली तेव्हापासून १८५५ साली ती गादी खालसा होईपर्यंत या मुलखात मराठी कारभार होता. कारभाराबरोबर कारकून आले, कीर्तनकार आले, आचारी आले आणि इथलेच होऊन राहिले. बडोद्याच्या आणि इंदूरच्या दरबारात दिवाण म्हणून गाजलेले सर टी. माधवराव १८२८ साली जन्मले ते याच कुंभकोणममध्ये. आज अशा घरांतून बाहेर तमिळ आणि घरात तंजावरी वळणाची मराठी चालते. आमटीला सांबार म्हणायचं, पण देवापुढे अभंगच म्हणायचे.

अशा घरात सांगलीची मुलगी सून म्हणून आली. आईनं शिकवून पाठवलं होतं त्याप्रमाणे ती सासऱ्यांना ‘मामंजी’ म्हणू लागली, आणि शेजारच्या तमिळ सुना आपापल्या सासऱ्यांना ‘मामा’ म्हणतात हे ऐकून तिला पहिल्यांदा या गावात जरा घरच्यासारखं वाटलं. भाषा शिकायला दोन वर्षं गेली. मग हातात काहीतरी हवं म्हणून तिनं हिंदीच्या शिकवण्या सुरू केल्या.

तमिळनाडूत हा घरगुती उद्योग मोठा आहे. १९६८ पासून तिथल्या सरकारी शाळांत तमिळ आणि इंग्रजी अशा दोनच भाषा शिकवतात. ज्यांना हिंदी हवी, ती मुलं संध्याकाळी कुणातरी बाईंच्या घरी जाऊन शिकतात आणि दक्षिण भारत हिंदी प्रचार सभेच्या परीक्षा देतात. गांधीजींनी १९१८ साली सुरू केलेल्या या कामात प्राथमिक, मध्यमा, राष्ट्रभाषा, प्रवेशिका, विशारद, प्रवीण अशा पायऱ्या आहेत. सूनबाईंकडे वीस-बावीस मुलं यायची. जुन्या प्रश्नपत्रिका, सरावाची पानं, निबंधांचे नमुने हे सगळं पीडीएफ फाईलींमध्ये तिच्या खात्यात जपून ठेवलेलं असे.

हे ‘तिचं खातं’ म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. दिवाणखान्यातला कॉम्प्युटर एकच, पण तो सुरू केला की पडद्यावर चार नावं येत. एक मुलाचं, एक सुनेचं, एक नातीचं आणि एक मामंजींचं. आपल्या नावावर टिचकी मारायची, आपला पासवर्ड घालायचा, की आपलं दालन उघडतं. सूनबाईंना या घरात येऊन चौदा वर्षं झाली होती. घराच्या दारावर सासऱ्यांचं नाव, वीजबिलावर सासऱ्यांचं, गॅसच्या पुस्तकावर नवऱ्याचं. तिच्या एकटीच्या नावाची आणि तिच्याच किल्लीनं उघडणारी जागा म्हणजे तेवढं ते खातं.

एका सोमवारी संध्याकाळी तिनं प्रवेशिकेची प्रश्नपत्रिका उघडायला घेतली. पीडीएफ वाचायच्या प्रोग्रामची, म्हणजे रीडरची, चौकट उघडली, पांढरं पान दिसतं न दिसतं तोच सगळं नाहीसं झालं. पुन्हा उघडलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ‘प्रोग्रामनं काम करणं थांबवलं आहे’ अशा अर्थाची पाटी आली. समोर सतरंजीवर सहा मुलं पेन्सिली सरसावून बसलेली! तिनं वेळ मारून नेली, फळ्यावर प्रश्न लिहून दिले. रात्री मुलीनं आपल्या खात्यातून तीच फाईल उघडून पाहिली, तर ती सुतासारखी सरळ उघडली. आठ दिवसांच्या सुट्टीवर आलेला नवरा आदल्याच दिवशी तिरुचिरापल्लीला नोकरीच्या गावी परत गेला होता. त्याच्या सांगण्यावरून त्याच्या खात्यातूनही पाहिलं. तिथेही उघडली. मग मामंजींनी आपलं खातं उघडलं. त्यांच्या खात्यात मात्र रीडर सूनबाईंच्या खात्यासारखाच धाडकन मिटला.

म्हणजे घरातले दोघं कॉम्प्युटरमध्ये हुशार, त्यांचं चालतं. आणि एक म्हातारा माणूस व एक बाईमाणूस यांचं बंद पडतं! निष्कर्ष काय निघणार? फोनवर मुलगा म्हणाला, “अप्पा, तुम्ही दोघं काहीतरी दाबता. नाहीतर मशीन तेच, प्रोग्राम तोच, मग तुम्हालाच कसं होतं?” नात म्हणाली, “अम्मा, तू उगाच फार वेळा क्लिक करतेस.” सासूबाई तेवढ्या तटस्थ. त्यांनी कॉफीचे टंबलर पुढे ठेवत विचारलं, “मीठमिरच्या उतरवून टाकू का त्याच्यावरून?”

चार दिवस असेच गेले. मुलानं फोनवरूनच नातीकडून रीडर काढून टाकवला आणि नव्यानं घालवून घेतला. काही फरक पडला नाही. तेव्हा त्यानं सोपा उपाय सुचवला. “एवढी खाती हवीत कशाला? तुझं आणि अप्पांचं काढून टाकू. माझ्या खात्यातच सगळे बसा. तुझ्या फाईली एका फोल्डरमध्ये घालून देतो.” त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. काम अडू नये एवढाच हेतू. सूनबाई “बरं” म्हणाली आणि त्या रात्री उशिरापर्यंत बसून तिनं दुसऱ्या दिवसाच्या सरावाची पानं हातानं लिहून काढली. सहा मुलांसाठी सहा वेळा.

मामंजींनी ते पाहिलं. ते फार बोलणारे गृहस्थ नव्हेत. पण सकाळी त्यांनी कपाटातून एक कोरी वही काढली, समास आखला आणि सुनेला म्हणाले, “खातं बंद करायचं ते हिशेब लागल्यावर. फरक लागला नाही म्हणून कुणी खातं बंद करतं का? बस इथं.”

जुन्या बँकेतला ताळेबंद ज्यांनी पाहिला असेल त्यांना फरक लागणं म्हणजे काय ते कळेल. जमा आणि खर्च यांच्या बेरजा जुळल्या नाहीत तर दिवे लागले तरी घरी जायचं नाही, अशी ती रीत. फरक शोधायच्या युक्त्या ठरलेल्या. फरकाच्या रकमेला नवानं पूर्ण भाग गेला तर कुणीतरी दोन आकडे उलटे लिहिले असण्याचा संभव, म्हणजे ७२ च्या जागी २७. फरकाची निम्मी रक्कम कुठे सापडली तर नोंद उलट्या बाजूला पडलेली. पण युक्त्यांच्या आधी एक मोठा नियम असतो. आधी चूक कुठे नाही ते ठरवायचं. ज्या वहीची बेरीज जुळली ती बाजूला ठेवायची, उरलेल्या वह्याच तपासायच्या. आणि एका वेळी एकच गोष्ट हलवायची. दोन हलवल्या तर फरक कशानं गेला ते कधीच कळत नाही.

पहिली नोंद फाईलीची. प्रश्नपत्रिकेऐवजी दुसरी, एका पानाची पीडीएफ उघडून पाहिली. तीही मिटली. म्हणजे फाईल निर्दोष. दुसरी नोंद प्रोग्रामची. रीडर पुन्हा घालूनही फरक नाही, आणि दोन खात्यांत तो नीट चालतो. म्हणजे प्रोग्रामही बाजूला. तिसरी नोंद सूनबाईंनी लक्षात आणून दिली. फाईल न घेता नुसता रीडर उघडला तर तो शांतपणे उघडा राहतो. फाईल दिली, पान दाखवायची वेळ आली, की मिटतो. मामंजींनी हे वाक्य अधोरेखित केलं. पुढे तेच कामाला आलं, पण त्या दिवशी त्याचा अर्थ लागला नाही.

चौथी चाचणी सगळ्यांत महत्त्वाची, आणि कुणाच्याही घरी असा प्रसंग आला तर पहिल्यांदा करण्यासारखी. त्यांनी नातीकडून एक पाचवं, कोरं खातं उघडवून घेतलं. नाव ठेवलं ‘चाचणी’. सूनबाईंना त्या खात्यात बसवलं आणि तीच प्रश्नपत्रिका उघडायला सांगितली. फाईल उघडली. मिटली नाही. तिनं पानं खालीवर केली, अक्षरं मोठी करून पाहिली, बंद करून पुन्हा उघडली. सगळं ठीक.

मामंजी वहीत लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाले, “हात तेच. खातं वेगळं.”

नात तिथेच उभी होती. ती काही बोलली नाही, पण ‘फार वेळा क्लिक करतेस’ हे तिनं पुन्हा कधी म्हटलं नाही.

आता एक प्रश्न सहज पडेल. एकाच कॉम्प्युटरवर एकच प्रोग्राम असताना तो एकाच्या खात्यात चालतो आणि दुसऱ्याच्या खात्यात नाही, असं होतंच कसं? बँकेच्या भाषेत सांगायचं तर इमारत एक, काउंटर एक, पण प्रत्येकाच्या खात्याचं पान वेगळं. रीडर हा प्रोग्राम सगळ्यांसाठी एकाच ठिकाणी ठेवलेला असतो. पण तो कुणाला कसा दिसावा, अक्षरं केवढी असावीत, शेवटची फाईल कोणती उघडली होती, कुठला प्रिंटर पहिल्या पसंतीचा, या आवडीनिवडी प्रत्येक खात्याच्या स्वतंत्र फोल्डरांत आणि नोंदींत राहतात. त्यातली काही फोल्डरं मुद्दाम लपवलेली असतात, नेहमीच्या नजरेला पडत नाहीत. प्रोग्राम काढून पुन्हा घातला तरी या खासगी नोंदी बहुधा जशाच्या तशा राहतात. म्हणून तर मुलाचा पहिला उपाय लागू पडला नव्हता. बँकेची इमारत नव्यानं रंगवली म्हणून खात्यातली चुकीची नोंद पुसली जात नाही!

प्रत्येकाचं सामान वेगळं ठेवायची ही पद्धत उगाच आलेली नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९६० च्या दशकात एकच मोठा कॉम्प्युटर अनेकांनी मिळून वापरायची व्यवस्था फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केली. प्रत्येकाला नाव आणि पासवर्ड दिला. १९६६ च्या सुमारास एके दिवशी भलताच प्रकार घडला. जो कुणी यंत्रावर आपलं नाव घालून आत येई, त्याच्यासमोर रोजच्या सूचनेऐवजी सगळ्यांच्या पासवर्डांची यादीच छापून येऊ लागली. कारण काय, तर मजकूर दुरुस्त करायचा प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी धरून चाललं होतं की एका खात्यातून एका वेळी एकच माणूस तो चालवील. त्यामुळे त्याच्या कच्च्या फाईलीचं नाव ठरीव होतं. त्या दिवशी व्यवस्थापकांपैकी एक जण रोजची सूचना लिहीत होता आणि त्याच खात्यातून दुसरा पासवर्डांची फाईल दुरुस्त करत होता. दोघांच्या कच्च्या फाईलींची अदलाबदल झाली. पुढे १९९० सालच्या ट्युरिंग पुरस्काराच्या निमित्तानं केलेल्या भाषणात कोर्बाटो यांनीच हा किस्सा सांगितला. एका खात्यात दोघांनी बसण्याची सोय वाटते तेवढी सोयीची नसते, ती अशी.

कुंभकोणमच्या घरात एव्हाना नातीनं नवा तोडगा काढला होता. “चाचणी खातं चालतंय ना? मग अम्मानं त्यातच बसावं. किंवा फाईल ब्राउझरमध्ये उघडावी, तिथे रीडर लागतच नाही.” दोन्ही गोष्टी चुकीच्या नव्हत्या. ब्राउझरमध्ये बहुतेक पीडीएफ उघडतात. कुणाचं काम तातडीचं असेल तर त्यानं खुशाल तसं करावं. मात्र भरायचे काही खास फॉर्म तिथे उघडत नाहीत, ‘कृपया थांबा’ एवढंच पान दाखवून बसतात. आणि नव्या खात्यात बिऱ्हाड हलवणं हाही अनेक जाणकार सुचवतात असा उपाय आहे. पण सूनबाईंचं सहा वर्षांचं सामान जुन्या खात्यात होतं, आणि मामंजींना तर कारण हवंच होतं. “फरक लागल्याशिवाय वही मिटणं नाही,” एवढंच ते म्हणाले.

मग रीडरच्या आवडीनिवडींचं फोल्डर तपासायचं ठरलं. अशा तक्रारींत पुष्कळदा दोषी तेच निघतं. त्यातली एखादी फाईल वीज गेल्यामुळे किंवा अन्य कारणानं अर्धवट लिहिली गेली की प्रोग्राम ती वाचताना अडखळतो. इथे मामंजींची शिस्त उपयोगी पडली. त्यांनी ते फोल्डर पुसू दिलं नाही. आधी रीडर बंद केला, मग फोल्डरच्या नावापुढे ‘जुनं’ एवढं जोडलं. रीडर पुन्हा सुरू केला की त्याला आपलं फोल्डर सापडत नाही आणि तो नवं, कोरं तयार करतो. बिघाड गेला तर उत्तम, नाही गेला तर जुनं नाव परत देता येतं. काहीच हरवत नाही. त्यांनी तसं केलं. पण रीडर मिटायचा तो मिटलाच. जुनं नाव परत दिलं आणि वहीत पाचवी फुली पडली.

सहावी चाचणी संरक्षणाची. काही रीडर २०१० पासून फाईल एका बंदिस्त कोंडाळ्यात उघडतात. पीडीएफच्या पोटात कुणी खोडसाळ मजकूर दडवला असेल तर तो बाकीच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचू नये म्हणून ही व्यवस्था. कधी कधी याच कोंडाळ्याचं आणि एखाद्या खात्याच्या परवानग्यांचं जुळत नाही. सूनबाईंनी नुसता रीडर उघडून सेटिंगमध्ये जाऊन ते तेवढ्यापुरतं बंद केलं, घरचीच एक फाईल उघडून पाहिली. मिटली. लगेच संरक्षण पुन्हा चालू केलं. पुष्कळ लोक हे परत चालू करायला विसरतात, आणि दाराची कडी उघडी राहावी तसा कॉम्प्युटर उघडा राहतो.

सहा फुल्या झाल्या. सासूबाईंनी दुसऱ्यांदा कॉफी आणली आणि वहीकडे पाहून म्हणाल्या, “बँकेत असताना तुम्ही फरक लागला नाही की एकच विचारायचात. काय ते?”

मामंजी क्षणभर गप्प राहिले. मग सुनेला म्हणाले, “सूनबाई, फरक पहिल्यांदा कोणत्या तारखेला पडला?”

“सोमवारी, मामंजी. मुलं आली होती तेव्हा.”

“आणि त्याच्या आदल्या दिवशी या मशीनला कुणी हात लावला होता?”

रविवारी सुट्टी संपवून परत जाण्याआधी घाईघाईत मुलानं नवा प्रिंटर जोडला होता. जुना प्रिंटर कागद खायचा, म्हणून तो त्याच दिवशी भंगारवाल्याला दिला. नवा प्रिंटर जोडून, आपल्या खात्यातून एक पान छापून, बरोबर चालतो हे पाहून तो बसला जाऊन बसला होता. जाताना मुलीला म्हणाला होता, “तुझ्या खात्यातही तो निवड.” तिनं निवडला होता. बाकी दोघांना सांगायचं राहून गेलं.

सूनबाईंनी आपल्या खात्यात प्रिंटरांची यादी उघडली. नवा प्रिंटर यादीत होता, पण पहिल्या पसंतीची खूण त्याच्यापुढे नव्हती. ती खूण फिकट पडलेल्या जुन्या प्रिंटरच्या नावापुढे होती, जो एव्हाना भंगाराच्या दुकानात पोचला होता. मामंजींच्या खात्यातही तेच. मुलाच्या आणि नातीच्या खात्यात खूण नव्या प्रिंटरवर होती. चार खाती, दोन दोन. जमा आणि खर्च जुळावा तशी यादी जुळली.

“पण मामंजी, आपण वाचतोय. छापत कुठे आहोत?” सूनबाईंनी विचारलं. शंका अगदी रास्त होती.

पीडीएफची सगळी मौज खरं तर यातच आहे. अडोबी कंपनीचे एक संस्थापक जॉन वॉर्नॉक यांनी १९९१ साली ‘कॅमलॉट’ या नावानं एक टिपण लिहिलं. कोणत्याही कॉम्प्युटरवर लिहिलेला कागद कोणत्याही दुसऱ्या कॉम्प्युटरवर आणि कोणत्याही प्रिंटरवर हुबेहूब तसाच दिसावा, हा त्यांचा ध्यास. १९९३ मध्ये त्यातून पीडीएफ जन्माला आली. सुरुवातीला ती वाचायचा प्रोग्रामही विकत घ्यावा लागे, तो पुढे फुकट झाला. २००८ साली तिचे नियम आंतरराष्ट्रीय मानक म्हणून सर्वांना खुले झाले. म्हणजे प्रिंटरवर अवलंबून राहू नये म्हणूनच जिचा जन्म, ती फाईल! पण ती दाखवणारे काही प्रोग्राम पान मांडताना अजून पहिल्या पसंतीच्या प्रिंटरची चौकशी करतात. कागद केवढा, समास किती सोडतोस, असं विचारतात. ही चौकशी प्रिंटरपाशी थेट होत नाही, तर त्याच्या ‘ड्रायव्हर’ नावाच्या छोट्या मध्यस्थ प्रोग्रामपाशी होते. आणि त्या मध्यस्थाचा काही भाग विचारणाऱ्या प्रोग्रामच्या पोटात शिरूनच काम करतो. यंत्र जागेवर नाही, उत्तर येत नाही, आणि अशा वेळी काय करायचं हे त्या जुन्या ड्रायव्हरमध्ये नीट लिहिलेलं नसेल, तर तो कोलमडतो आणि ज्याच्या पोटात बसलाय त्यालाही घेऊन पडतो. नुसता रीडर उघडला तर तो मिटत का नव्हता, याचंही उत्तर इथेच मिळालं. पानच नाही, तर प्रिंटरला विचारायचं काय?

सूनबाईंनी खूण नव्या प्रिंटरवर नेली. प्रश्नपत्रिका उघडली. ती उघडीच राहिली. तिच्या तोंडून “अगंबाई!” एवढंच निघालं.

दुसरा कुणी असता तर इथे वही मिटून पेढे मागवले असते. मामंजींनी तिला खूण पुन्हा जुन्या प्रिंटरवर न्यायला लावली. रीडर मिटला. पुन्हा नव्यावर आणली. उघडला. असं तीनदा झालं, तेव्हा कुठे त्यांनी सातव्या नोंदीपुढे बरोबरची खूण केली. मग आपलं खातं उघडून तेच केलं. ‘चाचणी’ खात्यातही पाहून घेतलं. नवं खातं उघडताना तिथे पहिली पसंती आपसूकच नव्या प्रिंटरला मिळाली होती.

शनिवारी रात्री मुलगा आला. जेवताना कुणी विषय काढला नाही. सकाळी कॉफीबरोबर मामंजींनी वही त्याच्यापुढे सरकवली. पानावर तारखा होत्या, वेळा होत्या, सात नोंदी होत्या. कुणाचं नाव कुठेही नव्हतं. हिशेबनिसाची वही तशीच असते, ती कुणाला बोल लावत नाही. मुलगा शेवटच्या ओळीवर थांबला, पुन्हा वर जाऊन पहिल्यापासून वाचू लागला.

“प्रिंटर मी फक्त माझ्या खात्यात बसून लावला,” तो म्हणाला. मग बायकोकडे वळून म्हणाला, “आणि तुझंच खातं काढायला निघालो होतो.”

ती म्हणाली, “आता कॉफी घ्या, निवतेय.” पण दोघी-तिघींना ऐकू जाईल इतपत हसली.

त्यानं दुपारी बसून जुन्या प्रिंटरचं नाव यादीतून काढलं आणि त्याचा ड्रायव्हरही कॉम्प्युटरवरून पुसला. नुसतं नाव काढून ड्रायव्हर ठेवला तर पुढे कधी तोच पुन्हा डोकं वर काढतो, म्हणून हे दोन्ही करावं लागतं. ‘चाचणी’ खातं मात्र मामंजींनी ठेवायला लावलं. काही बिघडलं की आधी तिथे जाऊन पाहता येतं.

पंधरा दिवसांनी नाच्चियारकोइलचे समईवाले एक व्यापारी दारात उभे. त्यांच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर कारकुनाच्या खात्यात पीडीएफ मिटते, मालकाच्या खात्यात मिटत नाही. कारकून पोरगा रडकुंडीला आला होता, कारण मालकांना वाटत होतं की तो काहीतरी भलतं उघडतो. मामंजींनी चष्मा पुसत पहिला प्रश्न विचारला, “खाती किती?” दुसरा प्रिंटरचा. पण तिथे दोन्ही खात्यांत प्रिंटर एकच आणि तो टेबलावर हजर होता. सूनबाई वही घेऊन बरोबर गेली होती. तिनं कोरं खातं उघडून पाहिलं, तिथे रीडर चालला. मग आवडीनिवडींच्या फोल्डरपुढे ‘जुनं’ असं जोडलं, आणि पहिल्याच फटक्यात फाईल उघडी राहिली. घरी ज्या पाचव्या नोंदीपुढे फुली पडली होती, तीच इथे लागू पडली. व्यापाऱ्यांनी पैसे विचारले. मामंजींनी हात जोडले. तेव्हा त्यांनी कोवळ्या विड्याच्या पानांची एक मोठी जुडी सासूबाईंसाठी बांधून दिली.

वहीत आठवी नोंद सूनबाईंच्या अक्षरात आहे. खाली तिनं तारीख घातली आणि संध्याकाळी विशारदच्या मुलांसाठी बारा प्रती नव्या प्रिंटरवर छापायला लावल्या.